दिव्याची ज्योत आणि यंत्राचा गजर : कोंदलेल्या हवेच्या परीक्षेचा वृत्तान्त

जळगाव शहराच्या पश्चिमेस असलेले पिंप्राळा हे एके काळचे स्वतंत्र गाव आज शहराच्या वस्तीत मिसळून गेले आहे. आषाढी एकादशीस निघणारा विठ्ठलाचा रथ आणि जुन्या गावठाणातील काही विहिरी एवढ्यावरून त्याचे जुने गावपण ओळखू येते. विहिरींपैकी बहुतेकींवर आता लोखंडी जाळ्या बसल्या आहेत. काही वर्षांपूर्वी अशाच एका विहिरीतील गाळ काढण्याचे काम चालू असता प्रस्तुत लेखक तेथे उपस्थित होता. कामावर दोघे जण होते. त्यांतील वडीलधाऱ्या गृहस्थाने प्रथम पेटता कंदील दोराला बांधून खाली सोडला आणि बराच वेळ तो कठड्याशी वाकून पाहत राहिला. तळाशी पोहोचण्यापूर्वीच ज्योत बारीक झाली व विझली. त्याने कंदील वर घेतला, निंबाच्या डहाळ्यांचा एक भारा दोराला बांधला आणि तो विहिरीत वरखाली हलविण्यास आरंभ केला. मधूनमधून वरून पाण्याच्या बादल्याही ओतल्या. तासाभराने कंदील पुन्हा सोडला. तो जळत राहिला तेव्हाच दुसरा माणूस कमरेस दोर बांधून उतरला. हे सारे कशासाठी, असे विचारता, खाली हवा 'बसली' होती, एवढेच उत्तर मिळाले.

'बसलेली हवा' हा प्रयोग भाषाभ्यासकाने नोंदवून ठेवावा असा आहे. कार्बन डायऑक्साइड वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असतो व निवांत जागी तो तळाशी साचतो, ही गोष्ट रसायनशास्त्राने सांगितली. परंतु ती ज्यांना अनुभवाने ठाऊक होती त्यांनी एका साध्या क्रियापदात ती बांधून ठेवली होती. आज तेच काम करणारे एक यंत्र खिशात मावते. हातात नेण्याजोगा कार्बन डायऑक्साइड मापक हवेतील वायूचे प्रमाण अंकांत दाखवितो आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की गजर करतो. कंदिलापासून या मापकापर्यंतचा प्रवास कसा झाला, आणि त्या प्रवासात काय मिळाले व काय हरवले, हे पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे. हा विषय भाषाशास्त्राच्या अध्यापकाने का हाताळावा, अशी शंका कोणी घेईल. त्याचे उत्तर पुढे येणाऱ्या शब्दांच्या घोटाळ्यात मिळेल.

महाराष्ट्रात या परीक्षेचे सर्वांत जुने व सर्वांत कसोटीचे स्थान म्हणजे पेव. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, तोंडाशी अरुंद व पोटात रुंद असे धान्य साठविण्याचे भुयारी कोठार. आत पेंढ्याचा थर द्यावयाचा, धान्य भरावयाचे आणि तोंड दगडाने व मातीने बुजवून टाकावयाचे. मोल्सवर्थच्या कोशात 'पेंव' हा शब्द आलेला आहे. सांगलीजवळील हरिपूर येथे धान्याऐवजी हळद साठविण्याची पेवे होती व त्यांच्यामुळे सांगलीच्या हळदीच्या व्यापाराला स्थैर्य आले. २००५ च्या महापुरात त्यांतील बऱ्याच पेवांत पाणी शिरून मोठी हानी झाली. पेव वस्तुरूपाने बहुतेकांच्या दृष्टीआड झाले असले तरी 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मात्र वृत्तपत्रांत रोज भेटतो. या वाक्प्रचारातील पेव म्हणजे काय, असे वर्गात विचारले असता एका विद्यार्थ्याने ते गळू असावे असे उत्तर दिले होते. अर्थाच्या दृष्टीने ते अगदीच चुकीचे म्हणता येत नाही, आणि त्या दिवशी त्याला रागावण्याचे धैर्य मला झाले नाही.

पेवात धान्य का टिकते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. धान्य मेलेले नसते. ते मंदपणे श्वसन करीत असते. त्यातील किडेही श्वसन करतात. बंद पेवातील प्राणवायू हळूहळू संपत जातो व त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड साचतो. अशा हवेत किडे जगू शकत नाहीत आणि धान्य सुरक्षित राहते. म्हणजे पेवाचा जो गुण तोच त्याचा घात. किड्याला मारणारी हवा माणसालाही सोडीत नाही. यामुळेच पेव उघडल्यावर त्यात लगेच न उतरण्याची, तोंड काही काळ मोकळे ठेवण्याची आणि कंदील सोडून पाहण्याची रीत पडली. या रीतीतील आणखी एक भाग सहसा लिहिला जात नाही, तो असा की उतरणाऱ्याच्या कमरेस दोर असावा आणि वर उभा असलेल्याने काही झाले तरी खाली उडी घेऊ नये. विहिरी, शौचकूप व टाक्या यांतील दुर्घटनांच्या बातम्या पाहिल्या तर पहिला मनुष्य बेशुद्ध पडल्यावर त्याला काढण्यासाठी उतरलेला भाऊ, मुलगा किंवा शेजारी हाही दगावल्याचे वारंवार आढळते. ही माणसे निष्काळजी नसतात. समोर आपला माणूस पडलेला दिसत असतो, आणि हवा मात्र दिसत नाही.

न दिसणाऱ्या या वस्तूला नाव मिळण्यासही बराच काळ लागला. 'गॅस' हा शब्द सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट या फ्लेमिश विद्वानाने घडविला. ग्रीक 'खाओस', म्हणजे आदिम पोकळी, या शब्दावरून तो घेतला असे मानले जाते. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाला. आंबणाऱ्या द्राक्षरसातून व जळत्या कोळशातून निघणारा वायू एकच आहे, हे त्याच्या ध्यानी आले होते. पुढे १७५६ साली जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश रसायनज्ञाने चुनखडीत बद्ध असलेला हा वायू मोकळा करून त्याचे गुणधर्म तपासले, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए याने त्याची घटना स्पष्ट केली. नेपल्सजवळील एका गुहेत प्रवाशांना दाखविण्यासाठी कुत्रे नेत असत. जमिनीलगतच्या वायूत ते बेशुद्ध पडे आणि उभ्या माणसाला मात्र काही होत नसे. 'बसलेल्या हवे'चा याहून क्रूर पुरावा सापडणे कठीण.

मराठीत हा वायू आला तो अनेक वेश घेऊन. 'कार्बानिक आसिड वायू', 'कर्बाम्लवायू', 'कर्बद्विप्राणिद', नुसता 'कर्बवायू' अशी रूपे मराठी लेखनात होऊन गेली, आणि आज 'कार्बन डायऑक्साइड' हेच रूढ झाले आहे. परिभाषेची ही विपुलता निरुपद्रवी वाटेल. ती तशी नाही. 'कर्बवायू' म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो, आणि हे दोन वायू व्यवहारात अगदी भिन्न आहेत. विहिरीच्या आत टप्प्यावर डिझेलचे इंजिन चालविले असता जो प्राणघातक वायू साचतो तो मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड होय. तो हवेपेक्षा किंचित हलका असतो, अत्यल्प प्रमाणातही मारतो, आणि त्याने कंदील विझत नाही. शौचकूपात हायड्रोजन सल्फाइड व मिथेन असतात. तेथे उघडी ज्योत नेणे हाच अपघात आहे. वृत्तपत्रे या सर्वांना 'विषारी वायू' या एका नावाखाली घालतात. बाजारात मिळणाऱ्या यंत्रांवर तर एकावर 'सीओ' आणि दुसऱ्यावर 'सीओ' पुढे बारीकसा दोनचा अंक, एवढाच भेद असतो. एका अंकाच्या वाचनावर मनुष्याचे जीवित अवलंबून असावे, असे उदाहरण अर्थविचाराच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी पाहिलेले नाही.

आता ज्योतीच्या परीक्षेकडे वळू. तिचे दोष मोठे आहेत. ज्योत विझते ती प्रामुख्याने प्राणवायू घटल्यामुळे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण एकवीस टक्क्यांवरून सुमारे सोळा टक्क्यांवर आले की ती टिकत नाही. पेवासारख्या जागी, जेथे प्राणवायू खर्च होऊनच कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, तेथे ही परीक्षा बऱ्यापैकी उपयोगी पडते. परंतु जेथे हा वायू बाहेरून येऊन चांगल्या हवेत मिसळतो तेथे ती फसवी ठरते. शेकडा दहा प्रमाणात हा वायू असेल तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होतो. ज्योत मात्र त्यापुढेही तग धरू शकते. असे असूनही कंदिलाच्या ठिकाणी एक गुण होता आणि त्याची जाणीव यंत्रयुगात आपल्याला उरलेली नाही. कंदिलातील तेल संपले, वात काजळली, वाऱ्याने ज्योत गेली, तर परिणाम एकच होई : दिवा विझे, आणि दिवा विझला म्हणजे कोणी उतरत नसे. साधन बिघडले की तो बिघाडच धोक्याची सूचना ठरे. मापकाचे याच्या नेमके उलट आहे. त्याची बॅटरी संपली, संवेदक निकामी झाला, छिद्र धुळीने बुजले, तर तो गप्प राहतो. आणि गप्प राहणे हीच त्याची सुरक्षिततेची भाषा आहे. यंत्राची देखभाल हा विषय याच कारणाने केवळ कारागिराचा राहत नाही.

यंत्राचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १८५९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल याने निरनिराळे वायू उष्णतेचे किरण शोषतात हे प्रयोगाने दाखविले. कार्बन डायऑक्साइड वायू अवरक्त किरणांतील एका विशिष्ट लांबीची लहर, मिलिमीटरचा सुमारे २३५ वा भाग, प्रकर्षाने शोषून घेतो. नळीच्या एका टोकास दिवा, दुसऱ्या टोकास त्या लहरीपुरता डोळा, आणि मध्ये तपासावयाची हवा, एवढी रचना केली की डोळ्यापर्यंत किती प्रकाश पोहोचला यावरून वायूचे प्रमाण काढता येते. १९३८ च्या सुमारास जर्मनीत लेहरर आणि लुफ्ट या दोघांनी या तत्त्वावर उद्योगास उपयोगी पडणारे उपकरण बनविले. (जर्मन भाषेत 'लुफ्ट' याचा अर्थच हवा असा आहे, योगायोग म्हणून सोडून द्यावा.) १९५८ साली चार्ल्स कीलिंग याने हवाई बेटावरील मौना लोआ येथे अवरक्त विश्लेषकाने हवेचे मापन सुरू केले. त्या वेळी दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता; आज ते प्रमाण ४२० च्या वर गेले आहे. कीलिंगची मोठी कमाई यंत्रापेक्षा त्याच्या शिस्तीत आहे. ज्ञात मिश्रणाच्या टाक्यांशी आपले उपकरण तो पुनःपुन्हा ताडून पाहत असे, आणि उपकरण काय म्हणते यावर नव्हे तर या ताळ्यावर त्याचा विश्वास असे.

हे उपकरण जळगावात कोणाच्या कामाचे, असे विचारल्यास उत्तर केळीच्या धंद्यात सापडते. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळी हिरवीच कापली जाते आणि पेठेत गेल्यावर पिकविली जाते. पूर्वी बंद खोलीत घड रचून धुरी देत. त्या खोलीस भट्टी म्हणत. पुढे कॅल्शियम कार्बाइडचा वापर बोकाळला व कायद्याने तो निषिद्ध झाला. आता रायपनिंग चेंबर आले आहेत : सोळा ते अठरा अंश तापमान, नव्वद टक्क्यांहून अधिक आर्द्रता, आणि दशलक्ष भागांत शंभर भागांपर्यंत इथिलीन वायू. जुन्या माणसांच्या तोंडी या थंडगार खोलीसही 'भट्टी' हाच शब्द मी ऐकला आहे. पिकू लागलेली केळी जोराने श्वसन करते. बंद चेंबरमध्ये कार्बन डायऑक्साइड झपाट्याने वाढतो, आणि तो शेकडा एकच्या पुढे गेला की इथिलीनच्या कार्यास अडथळा येऊन फळ नीट पिकत नाही. म्हणून दिवसातून एकदोनदा दार उघडून हवा पालटावी लागते. व्यापाऱ्याने मापक घेतला तो या हिशेबाने, फळासाठी. आत जाऊन क्रेट हलविणाऱ्या हमालाचा विचार त्यात नंतर येतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमास १९८७ साली जी दुरुस्ती झाली तिच्या अनुसूचीत या वायूसाठी आठ तासांच्या सरासरीने दशलक्ष भागांत ५,००० आणि अल्प काळासाठी ३०,००० ही मर्यादा घातली होती. फळ बिघडण्याची सीमा या दोहोंच्या मध्ये, १०,००० वर येते. याचा अर्थ असा की, फळास काही होत नाही एवढ्यावर जो विसंबून राहील त्याच्या चेंबरमधील माणूस दिवसभराच्या मर्यादेच्या वर काम करीत असण्याचा संभव आहे.

अशाच एका चेंबरमध्ये शब्दसंग्रहाच्या निमित्ताने वारंवार जाण्याचा प्रसंग मला आला, तेव्हा एका स्नेह्याकडून मापक मागून घेतला होता. चेंबरच्या मालकाने तो आतल्या खुंटीस अडकविण्याची परवानगी दिली, आणि मी तो तेथेच दोनतीन आठवडे राहू दिला. आरंभी तो वरचेवर वाजे. पुढे आकडे उतरू लागले व गजर थांबला. हवा पालटण्याचे काम आता नीट चालले आहे अशी समजूत करून घेऊन मी समाधान पावलो. वस्तुस्थिती वेगळी होती. या जातीच्या कित्येक मापकांत स्वतःला आपोआप जुळवून घेण्याची योजना असते : आठवडाभरात दिसलेला सर्वांत कमी आकडा हा बाहेरच्या शुद्ध हवेचा, म्हणजे ४०० चा, असे ते गृहीत धरतात. घरात किंवा वर्गात, जेथे रात्री हवा मोकळी होते, तेथे हे गृहीत बरोबर ठरते. चेंबरमध्ये शुद्ध हवा कधीच नसते. त्यामुळे यंत्राने कोंदलेल्या हवेलाच शुद्ध मानण्यास आरंभ केला आणि प्रत्येक आठवड्यास ते अधिकाधिक खोटे बोलू लागले. एका दिवशी डोके जड होऊन मला बाहेर यावे लागले. हातातील मापक त्या वेळी निश्चिंत होता. माहितीपत्रकात ही योजना बंद कशी करावी हे लिहिलेले होते. ते मी वाचले नव्हते.

तेव्हापासून जे शिकलो ते येथे नोंदवितो. चेंबर, पेव, शीतगृह अशा ठिकाणी न्यावयाच्या मापकातील स्वयंजुळणी बंद ठेवावी, आणि जुळणी उघड्या मैदानात, वाहनांपासून व माणसांच्या श्वासापासून दूर, हाताने करावी. उच्छ्वासात सुमारे चार टक्के, म्हणजे ४०,००० भाग, कार्बन डायऑक्साइड असतो. यंत्रावर फुंकर घातली तर गजर वाजला पाहिजे. परंतु त्यावरून यंत्र जिवंत आहे एवढेच समजते, ते खरे बोलते की नाही ते समजत नाही. खरेपणासाठी ज्ञात मिश्रणाच्या टाकीतील वायू सोडून आकडा ताडून पाहणे, ज्याला कॅलिब्रेशन किंवा अंशशोधन म्हणतात, ते निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत करविणे भाग आहे. थंड चेंबरमधून मापक एकदम बाहेर वैशाखाच्या उन्हात आणला तर त्यावर दव धरते, व आतील आरशावर ते बसले की वाचन बिघडते. सावलीत थोडा वेळ ठेवून मगच त्यावर विश्वास ठेवावा. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद मोटारीत तो ठेवू नये. जळगाव-भुसावळचा उन्हाळा पुष्कळ यंत्रांच्या सहनशक्तीबाहेर जातो. हवा आत जाण्याचे छिद्र व त्यावरील गाळणी कोरड्या ब्रशाने साफ करावी, पाण्याने किंवा स्पिरिटने नव्हे.

वापराच्या बाबतीत कंदिलाच्या रीतीतून अद्याप शिकण्यासारखे आहे. यंत्र माणसाबरोबर न नेता माणसाच्या आधी, दोराला बांधून सोडावे. हवा संवेदकापर्यंत झिरपण्यास अर्धे मिनिट ते दोन मिनिटे लागतात. तो वेळ थांबावे, आणि सर्वांत मोठा आकडा राखून ठेवण्याची सोय असल्यास वर घेतल्यावर तो पाहावा. घरातील हवेसाठी बनविलेले मापक बहुधा ५,००० किंवा १०,००० पर्यंतच मोजतात. खड्ड्यात ते निरुपयोगी आहेत. याच्या उलट, टाक्यांत उतरणाऱ्यांकडे असणारा चार वायूंचा मापक प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड यांची दखल घेतो. कार्बन डायऑक्साइड सहसा त्या चारांत नसतो. प्राणवायूच्या आकड्यावरून तो ओळखता येईल हीही समजूत चुकीची आहे. शेकडा पाच कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी प्राणवायू २०.९ वरून १९.९ एवढाच उतरतो, आणि प्राणवायूचा गजर सामान्यतः १९.५ वर लावलेला असतो. म्हणजे धाप लागून डोके ठणकत असता यंत्र सर्व ठीक असल्याचे दाखवील.

शेवटी गजराविषयी. मराठीत गजर म्हटला की नामाचा गजर आठवतो, नंतर घड्याळाचा. पिंप्राळ्याच्या रथापुढील गजर ऐकून माणसे घराबाहेर येतात व त्या आवाजाकडे जातात; मापकाचा गजर ऐकून त्यांनी त्या जागेपासून दूर जावयाचे असते. चेंबरमधील कामगार 'अलार्म' हाच शब्द वापरतात, आणि या एका ठिकाणी परका शब्द अधिक उपयोगी आहे असे माझे मत झाले आहे. मात्र पंख्यांच्या घरघरीत तो ऐकू येत नाही, आणि ऐकू आला तर कामात व्यत्यय नको म्हणून त्यावर फडके गुंडाळल्याचेही मी पाहिले आहे. ज्या चेंबरची हकीकत वर दिली तेथे आता मापक आत राहत नाही. तो दाराबाहेर खुंटीवर असतो. त्याच्या शेजारी सुतळीने बांधलेली एक वही आहे. सकाळी कामास येणारा पहिला माणूस तो मोकळ्या आवारात नेऊन आकडा लिहितो, मग दार थोडे उघडून आतला आकडा लिहितो, आणि मगच दार पूर्ण उघडतो. वहीच्या शेवटच्या रकान्यास मथळा नाही. त्यात बहुतेक दिवशी 'बरोबर' एवढाच शब्द असतो, आणि काही दिवशी 'वाजला, थांबलो'.